कॉर्नेल विद्यापीठाचा धुराचा जमाखर्च

विद्यापीठ म्हटलें कीं ग्रंथालय, व्याख्यानगृहें, पदवीदानाचा समारंभ आणि काळे झगे घातलेले पंडित इतक्याच गोष्टी सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु विद्यापीठ हें एक मोठें घरहि असतें. या घरांत चुली पेटतात, दिवे लागतात, पाणी तापतें, प्रयोगशाळांतील यंत्रें रात्रंदिवस फिरतात. आणि या सर्वांसाठीं कोठें तरी कांहीं तरी जळत असतें. विद्येच्या या घराच्या धुराड्यांतून किती धूर निघतो, हा प्रश्न पुष्कळ वर्षें कोणी फारसा विचारला नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र तो विचारला जाऊं लागला आहे. ज्यांनीं तो स्वतःस विचारला, त्यांपैकीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे. ही हकीकत निवडण्याचें कारण असें कीं, धूर कमी करण्याचा संकल्प सोडणें सोपें, परंतु त्या धुराचा हिशेब खरा ठेवणें किती कठीण, हें तींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतरत्र क्वचितच दिसेल.

न्यूयॉर्क राज्यांत, त्या नांवाच्या महानगरापासून बरेंच दूर, वायव्येस, इथाका नांवाचें एक लहान शहर आहे. त्याच्या उत्तरेस कयुगा नांवाचें सरोवर पसरलें आहे. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड राशींनीं जमीन कोरून हें सरोवर घडविलें. त्याची लांबी सुमारें चाळीस मैल, रुंदी अगदींच बेताची, आणि खोली कांहीं ठिकाणीं चारशें फुटांहून अधिक आहे. शहराच्या पूर्वेस टेकडी आहे, आणि तिच्या अंगानें खोल घळींतून दोन ओढे धबधब्यांच्या उड्या घेत सरोवराकडे धांवतात. या टेकडीवर १८६५ सालीं कॉर्नेल विद्यापीठ स्थापन झालें. आपलें मुंबई विद्यापीठ त्यापूर्वीं आठ वर्षें, म्हणजे १८५७ सालीं, निघालें होतें. तेव्हां वयानें हीं दोन्ही विद्यापीठें जवळजवळ बरोबरीचीं आहेत.

ज्याच्या नांवानें हें विद्यापीठ चालतें तो एझ्रा कॉर्नेल हा कांहीं पंडित नव्हता. तो सुतारकाम व यंत्रकाम जाणणारा कारागीर होता, आणि पुढें तारायंत्राच्या धंद्यांत त्यानें मोठी संपत्ति मिळविली. तरुणपणीं तो इथाकांतील एका गिरणीच्या मालकाकडे नोकरीस होता. त्या काळांत त्यानें फॉल क्रीक या ओढ्याचें पाणी गिरणीकडे नेण्यासाठीं खडकांतून बोगदा पाडला. वाहत्या पाण्यापासून काम करवून घेण्याची ही रीत पुढें विद्यापीठानेंहि उचलली. १८७५ सालीं तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम अँथनी यांनीं एका विद्यार्थ्याच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करणारें यंत्र स्वतः बनविलें आणि त्यावर आवारांत विजेचे दिवे लावले. १९०४ सालीं फॉल क्रीकच्या घळींत एक लहानसें जलविद्युत्-केंद्र उभें राहिलें. त्याची पुढील कथा बोधप्रद आहे. १९७० च्या सुमारास, बाहेरून मिळणारी वीज स्वस्त असल्यामुळें, हें केंद्र निरुपयोगी ठरून बंद पडलें. आणि मध्यंतरीं तेलाच्या किंमती भडकल्यावर त्याची पुन्हां आठवण होऊन १९८१ सालीं तें दुरुस्त करून चालू करण्यांत आलें. विद्यापीठाला लागणाऱ्या विजेचा अगदीं थोडा अंश त्यांतून मिळतो. परंतु ओढा तोच, धबधबा तोच असतांना बाजारभावाप्रमाणें तो एकदां टाकाऊ व एकदां मोलाचा ठरतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पण वीज हा या घराचा मोठा खर्च नव्हे. मोठा खर्च उबेचा. आपल्याकडे पौष-माघांतील थंडी घोंगडी आणि शेकोटी यांच्यावर निभावते. इथाकाकडे हिवाळ्यांत महिनेच्या महिने बर्फ पडतें, आणि इमारती तापविल्या नाहींत तर माणसें तर राहूं शकत नाहींतच, परंतु नळांतील पाणी गोठून नळहि फुटतात. त्यामुळें १९२२ सालीं विद्यापीठानें सर्व आवारासाठीं एक मध्यवर्ती उष्णतागृह बांधलें. तेथें कोळसा जाळून वाफ करावयाची, आणि ती जमिनीखालील नळांनीं इमारतीइमारतींत पोंचवावयाची, अशी योजना होती. जवळजवळ नव्वद वर्षें हा कोळसा जळत राहिला. ज्या प्रयोगशाळांत नवें विज्ञान जन्मास येत होतें, त्यांना ऊब मात्र जुन्या कोळशाचीच होती.

या व्यवस्थेंत पहिला मोठा बदल झाला तो हिवाळ्याच्या बाबतींत नव्हे, तर उन्हाळ्याच्या. प्रयोगशाळा व यंत्रगृहें यांना उन्हाळ्यांत थंडावा लागतो. तो देणाऱ्या शीतयंत्रांत जे वायु वापरीत, ते आकाशांतील ओझोनच्या थराचा नाश करतात असें आढळून आल्यावर १९८७ सालीं माँट्रियल येथें आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि असे वायु क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरलें. म्हणजे जुनीं शीतयंत्रें बदलणें विद्यापीठास भागच होतें. नवीं यंत्रें विकत घ्यावयाचीं, कीं दुसरा कांहीं मार्ग शोधावयाचा? तेव्हां तेथील अभियंत्यांची दृष्टि टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या सरोवराकडे गेली.

येथें पाण्याचा एक गुणधर्म सांगितला पाहिजे. बहुतेक पदार्थ थंड होत जातील तसतसे जड होत जातात; परंतु पाणी सर्वांत जड असतें तें चार अंश सेंटिग्रेडच्या सुमारास. यामुळें हिवाळ्यांत थंड झालेलें पाणी खोल सरोवराच्या तळाशीं जाऊन बसतें, आणि उन्हाळ्यांत वरचें पाणी कितीहि तापलें तरी तें हलकें असल्यामुळें वरच राहतें. तळाशीं बारा महिने हिवाळाच असतो. आपल्या खोल विहिरीचें पाणी वैशाखांतहि गार लागतें त्याचें कारण निराळें. परंतु निसर्गानें एका ऋतूची शिल्लक दुसऱ्या ऋतूसाठीं ठेवून द्यावी, हा अनुभव दोन्हींकडे सारखाच आहे. कॉर्नेलच्या अभियंत्यांनीं सरोवरांत सुमारें दोन मैल लांबीचा नळ सोडला आणि अडीचशें फूट खोलीवरचें पाणी कांठावरील यंत्रगृहांत ओढून घेतलें. तेथें पत्र्यांच्या पातळ पडद्यांच्या एका बाजूनें सरोवराचें पाणी व दुसऱ्या बाजूनें विद्यापीठाकडून आलेलें पाणी वाहतें. दोहोंचें मिश्रण होत नाहीं. फक्त गारवा इकडून तिकडे जातो. सरोवराचें पाणी पुन्हां सरोवरांत सोडलें जातें, आणि गार झालेलें दुसरें पाणी टेकडीवर चढतें. जुलै २००० मध्यें ही योजना सुरू झाली. तिला खर्च आला तो सहा कोटि डॉलरांच्या आसपास. परंतु थंडावा निर्माण करण्यास पूर्वीं जितकी ऊर्जा लागे तींत सुमारें ८६ टक्क्यांची बचत झाली. शहरांतील माध्यमिक शाळेलाहि त्याच पाण्याचा गारवा मिळाला.

तथापि ही योजना सर्वांनाच पसंत होती असें मात्र नाहीं. सरोवराच्या कांठच्या लोकांपैकीं कित्येकांनीं तिला जोराचा विरोध केला. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, तळच्या पाण्यांत फॉस्फरस अधिक असतो. तें पाणी उथळ अशा दक्षिण टोकास आणून सोडल्यास शेवाळ माजेल व पाणी बिघडेल. विद्यापीठाचे तज्ज्ञ म्हणत कीं हें प्रमाण अल्प आहे. पुढें राज्याच्या पर्यावरण खात्यानें परवान्याचें नूतनीकरण करतांना सरोवराच्या सविस्तर अभ्यासाची अट घातली, आणि त्याचा भार विद्यापीठानें उचलला. वीज वांचली म्हणजे सर्व कांहीं साधलें असें नाहीं. ती कोणाच्या दारच्या पाण्यावर वांचली हेंहि पाहावें लागतें, हा या वादाचा धडा होता.

आतां संकल्पांकडे वळूं. विद्यापीठांनीं निसर्गरक्षणाची जबाबदारी स्वीकारावी, हा विचार प्रथम ठळकपणें मांडला गेला तो १९९० सालीं फ्रान्समधील तालुआर या गांवीं भरलेल्या विद्यापीठप्रमुखांच्या बैठकींत. टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष जाँ मेयर यांनीं ती बोलाविली होती, आणि तेथें एक जाहीरनामाहि निघाला. परंतु कॉर्नेलला खरी जाग आणली ती तेथील विद्यार्थ्यांनीं. वातावरणांतील कर्बवायूचें प्रमाण आटोक्यांत आणण्यासाठीं १९९७ सालीं जपानमधील क्योटो येथें राष्ट्रांराष्ट्रांत करार झाला होता. त्यावर अमेरिकेनें सही केली होती. परंतु मार्च २००१ मध्यें तेथील नव्या सरकारनें त्यांतून अंग काढून घेतलें. दुसऱ्याच महिन्यांत कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनीं विद्यापीठाच्या कचेरीपुढें ठाण मांडलें. त्यांची मागणी साधी होती. राष्ट्र करार पाळीत नसेल तर न पाळो, आमच्या विद्यापीठानें तो पाळावा. १९९० सालीं जितका धूर निघत होता त्याहून सात टक्के कमी धूर निघेल असें करावें. विद्यापीठानें ही मागणी मान्य केली. राष्ट्रानें मोडलेलें वचन एका विद्यापीठानें आपल्यापुरतें उचलून धरावें, हा प्रसंग शिक्षणाच्या इतिहासांत नोंद करण्यासारखा आहे.

त्यानंतर संकल्प वाढत गेले. २००७ सालीं अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनीं अमेरिकेंतील विद्यापीठप्रमुखांच्या एका प्रतिज्ञापत्रावर सही केली. आपल्या संस्थेच्या धुराचें मोजमाप करून तें प्रसिद्ध करावें, आणि तो शून्यावर आणण्याची मुदत ठरवावी, असा त्या पत्राचा आशय होता. पुढें दोन-तीन वर्षांत सहाशेंहून अधिक संस्था त्यांत सामील झाल्या. २००९ सालीं कॉर्नेलनें आपली सविस्तर योजना प्रसिद्ध करून २०५० ही मुदत घातली. आणि थोड्याच वर्षांत, अध्यापकमंडळाच्या आग्रहावरून, ती पंधरा वर्षें अलीकडे ओढून २०३५ केली.

नुसता संकल्पच झाला असें नाहीं, कृतिहि झाली. २०१० च्या सुमारास उष्णतागृहांत दोन नवीं वायुयंत्रें बसविण्यांत आलीं. भूगर्भांतून मिळणारा नैसर्गिक वायु जाळून तीं वीज निर्माण करतात, आणि त्यांतून निघणारी जी उष्णता एरवीं वायां गेली असती तिची वाफ करून ती इमारतींना पुरवितात. एकाच इंधनांतून वीजहि मिळावी आणि ऊबहि, अशी ही काटकसर होती. यामुळें २०११ सालीं कोळसा जाळणें कायमचें बंद झालें. २०१४ सालीं विद्यापीठानें सूर्यप्रकाशापासून वीज घेणारें पहिलें मोठें क्षेत्र उभारलें, आणि पुढें तशीं आणखीहि झालीं. २००८ सालच्या मानानें आपला धूर सुमारें एक तृतीयांशानें घटला, असा हिशेब विद्यापीठास पुढें मांडतां आला. सामान्य माणसाच्या दृष्टीनें येथें कथा गोड शेवटास पोंचावयास हरकत नव्हती.

परंतु दिव्याखालीं अंधार असतो, आणि येथें तो दाखविला तो दिव्याच्याच वातीनें. ज्या वर्षीं कोळसा बंद झाला, त्याच २०११ सालीं याच विद्यापीठांतील रॉबर्ट हॉवर्थ, रेनी सँटोरो आणि अँथनी इंग्राफिया यांनीं एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मुद्दा असा होता. नैसर्गिक वायु जळतो तेव्हां कोळशापेक्षां कमी कर्बवायु निघतो, हें खरें. परंतु हा वायु म्हणजे मुख्यतः मिथेन. आणि विहिरीपासून भट्टीपर्यंतच्या प्रवासांत त्याचा कांहीं अंश न जळतांच गळून हवेंत जातो. हवेला तापविण्याची मिथेनची शक्ति वीस वर्षांच्या मुदतीनें पाहतां कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक असते, आणि शंभर वर्षांच्या मुदतीनें पाहिली तरी ती तीस पटींच्या आसपास भरते. शेल नांवाचा खडक फोडून काढलेल्या वायूपैकीं ३·६ ते ७·९ टक्के मिथेन असा निसटतो, असा त्यांचा अंदाज होता. आणि तो धरला तर नजीकच्या काळापुरता हा वायु कोळशाहूनहि वाईट ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ काय झाला, हें पाहा. ज्या बदलाचा विद्यापीठास अभिमान वाटत होता, तो बदल म्हणजे सुधारणा कीं नुसती अदलाबदल, असा प्रश्न त्याच्याच प्राध्यापकांनीं उभा केला. यावर स्वस्थ न बसतां त्याच विद्यापीठांतील दुसरे भूशास्त्रज्ञ लॉरेन्स कॅथल्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं त्याच नियतकालिकांत उत्तर दिलें. गळतीचा अंदाज अवास्तव आहे, वीस वर्षांची मुदत धरणें योग्य नाहीं, आणि वायु व कोळसा यांची तुलना विजेच्या उत्पादनावरून केली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. एका टेकडीवरचे दोन पक्ष, दोघेहि आपापल्या विषयांत अधिकारी, आणि वादाचा विषय मात्र स्वतःच्याच घराच्या चुलीपर्यंत येऊन पोंचलेला! इथाकाच्या आसपासच्या प्रदेशाखालीं अशा वायूनें भरलेला खडक असल्यामुळें हा वाद नुसता पंडितांचा राहिला नाहीं. गांवोगांवच्या सभांतूनहि तो रंगला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें खडक फोडून वायु काढण्यास मनाई करण्याचा निर्णय जाहीर केला.

विद्यापीठाच्या चालकांना येथें दोन वाटा मोकळ्या होत्या. गळती आमच्या आवारांत होत नाहीं, ती दूरच्या विहिरींवर व नळांवर होते, सबब ती आमच्या खातीं मांडावयाचें कारण नाहीं, असें म्हणून जुना हिशेब चालू ठेवतां आला असता. हिशेबाचे प्रचलित नियम त्यांच्याच बाजूचे होते. परंतु २०१६ सालीं २०३५ च्या ध्येयाचे मार्ग तपासणारा जो अहवाल विद्यापीठानें प्रसिद्ध केला, त्यांत दूरवर होणाऱ्या मिथेनच्या गळतीचाहि आंकडा धरला गेला. त्यामुळें विद्यापीठाच्या नांवावरील एकूण बोजा पूर्वींच्या मानानें फारच मोठा दिसूं लागला. व्यापाऱ्यानें आपणहून वहींतील देणें वाढवून लिहावें, तशांतला हा प्रकार होता. पुढें २०१९ सालीं न्यूयॉर्क राज्यानें हवामानरक्षणाचा जो कायदा केला, त्यांत मिथेनचा हिशेब वीस वर्षांच्या मुदतीनें करावा आणि राज्याबाहेर झालेली गळतीहि मोजावी, असें ठरलें. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं नेमलेल्या मंडळांत हॉवर्थ यांचीहि नेमणूक झाली होती. एका विद्यापीठांत उपस्थित झालेली शंका आठ वर्षांत राज्याच्या कायद्यांत जाऊन बसली.

हिशेब खरा मांडल्यामुळें पुढील कामाची दिशाहि बदलली. कोळशाच्या जागीं वायु आणून भागत नाहीं, जाळणेंच थांबविलें पाहिजे, हें उघड झालें. तेव्हां ऊब आणावयाची कोठून? प्राध्यापक जेफर्सन टेस्टर व त्यांचे सहकारी यांनीं सुचविलेला मार्ग असा कीं, ती थेट पृथ्वीच्या पोटांतून आणावी. वज्रेश्वरी-गणेशपुरीचीं किंवा दापोलीजवळील उन्हवऱ्याचीं उष्णोदकाचीं कुंडें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना भूगर्भांतील उष्णतेची कल्पना सहज येईल. इथाकाला तशीं कुंडें नाहींत. तेथें ही उष्णता पुष्कळ खोल आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत, मध्यवर्ती सरकारच्या ऊर्जा खात्याच्या ७२ लक्ष डॉलरांच्या साहाय्यानें, विद्यापीठानें आपल्याच जमिनींत ९,७९० फूट खोल, म्हणजे जवळजवळ दोन मैलांचें, एक छिद्र पाडलें. तें पाहणीपुरतें आहे. खालीं उष्णता किती, आणि त्या कठीण खडकांतून पाणी पुरेसें वाहूं शकेल काय, या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यासाठीं तें खणलें गेलें. जमलें तर एका विहिरीनें गरम पाणी वर आणावयाचें आणि दुसरीनें तें परत खालीं सोडावयाचें, अशी कल्पना आहे. हें पाणी वाफेइतकें तप्त नसल्यामुळें आवारांतील वाफेचे जुने नळ काढून गरम पाण्याचे नळ घालावे लागतात. म्हणजे १९२२ पासूनची सारी व्यवस्था हळूहळू उलटवावयाची आहे.

पैशाच्या बाबतींतहि असाच प्रश्न आला. विद्यापीठाच्या निधीपैकीं कांहीं रक्कम खनिज तेल व वायु यांच्या धंद्यांत गुंतलेली होती. एका हातानें धूर कमी करावयाचा व दुसऱ्या हातानें त्याच धुराच्या नफ्यावर शिष्यवृत्त्या द्यावयाच्या, ही विसंगति विद्यार्थी व अध्यापक वर्षानुवर्षें दाखवीत आले होते. मे २०२० मध्यें विश्वस्तांनीं अशा धंद्यांत नवीन खाजगी गुंतवणूक न करण्याचा ठराव केला.

हें सर्व असूनहि ध्येय गांठलें गेलें असें म्हणतां येणार नाहीं. उष्णतागृहांतील वायुयंत्रें आजहि चालतात, आणि २०३५ साल फार दूर राहिलेलें नाहीं. दोन मैल खोलीवरची ऊब वर येईल किंवा येणारहि नाहीं. तेव्हां यशाची कथा म्हणून ही हकीकत सांगण्यांत अर्थ नाहीं. तिचें मोल दुसरीकडे आहे. धूर कमी करण्याचें काम कारखानेहि करतील, नगरपालिकाहि करतील. पैसा व यंत्रें असलीं म्हणजे तें कोणासहि करतां येतें. परंतु स्वतःच्या अभिमानाचा आंकडा स्वतःच तपासून तो अपुरा असल्याचें सांगणारीं माणसें पगार देऊन आपल्याच घरांत बाळगणें, आणि त्यांचें बोलणें गैरसोयीचें झालें तरी त्यांना बोलूं देणें, हें फक्त विद्यापीठासच शक्य आहे. आणि तेंच त्याचें खरें काम आहे.

आपल्या इकडच्या विद्यापीठांना इमारती तापविण्याची विवंचना नाहीं. परंतु वसतिगृहांच्या भटारखान्यांतील इंधन, प्रयोगशाळांतील वीज, उन्हाळ्यांतील वातानुकूलन आणि ज्या औष्णिक केंद्रांतून ही वीज येते तेथील कोळसा, हा जमाखर्च आपल्याकडेहि आहेच. तो मांडतांना आवाराच्या भिंतीपाशीं थांबावयाचें कीं ज्या खाणींतून तो कोळसा येतो तेथपर्यंत जावयाचें, हें ठरवावें लागेल. झाडें लावण्याचे समारंभ सोपे आहेत, आणि ते व्हावेतहि. पण त्याच्या आधीं एक कोरी वही घेऊन, पहिल्या पानावर, आपल्या घरांत काय जळतें आणि तें कोठून येतें, इतकें खरेंखरें लिहून काढावें. कॉर्नेलला तें करावयास एक शतकाहून अधिक काळ लागला. आपल्याला तितका काळ उरलेला नाहीं.